नणंदेची डोकेदुखी आणि माझी

लग्न होऊन मी नाशिक रोडला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझी नणंद एकोणीस. पुढच्या दोन वर्षांत मला तिच्या पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला. तिच्या सरळ केसांचा, कॉलेजला जाताना मागे वळून न बघता दार ओढून घेण्याचा, जेवताना ताटातलं कारलं सरळ वडिलांच्या ताटात टाकण्याचा. पण सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो तिच्या डोकेदुखीचा. हे ऐकून कुणीही हसेल. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

आमचं घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूच्या एका कॉलनीत आहे. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सासूबाई घर सांभाळतात आणि रविवारी न चुकता विहारात जातात. नवरा सातपूरला कारखान्यात, पाळ्यांमध्ये. मी मूळची देवळ्याची. बी. एस्सी. झालेली होते, घरी बसायचं नाही हे लग्नाआधीच ठरलेलं होतं, आणि सासरच्यांनीही कधी आडकाठी केली नाही.

पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं एक मोठं दुकान आहे. तिथे मला काम मिळालं. काम सगळं मोबाईलवरचं. द्राक्षवाले, टोमॅटोवाले, कांदेवाले शेतकरी रोगट पानांचे फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवायचे. ते मी बघायचे. गाव कोणतं, छाटणी होऊन किती दिवस झाले, शेवटची फवारणी कशाची, हे विचारून घ्यायचे आणि आमच्या सल्लागार साहेबांना पाठवायचे. साहेबांचं उत्तर आलं की ते सोप्या भाषेत शेतकऱ्याला कळवायचं. "ताई, पानावर तेलावानी डाग दिसू ऱ्हायले, डाऊनी हाय का?" असा निरोप आला की मी फोटो बोटांनी मोठा करून त्या हिरव्या-पिवळ्या डागात डोळे खुपसून बसायचे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले तर दिवसाला दीडशे-दोनशे फोटो. रोग काही दुकानाची वेळ बघून येत नाही, त्यामुळे तो नंबर असलेला मोबाईल माझ्याबरोबर घरीही यायचा. माझा स्वतःचा एक, दुकानाचा एक. पर्समध्ये दोन मोबाईल, घरी आल्यावर ओट्यावर दोन मोबाईल.

मला ते काम आवडायचं, हे आधी सांगते. देवळ्याला कांद्याच्या पातीवरचा करपा रोग मी लहानपणापासून बघितलेला. शेतकऱ्यांना वाटायचं, ताईला कळतं. कुणी द्राक्षं गोड झाल्यावर घडाचा फोटो पाठवायचा, खाली लिहायचा, 'ताई, तुमच्यामुळं.' मी तो फोटो नवऱ्याला दाखवायचे. तो बघायचा आणि "भारी" म्हणायचा.

डोकं दुखायला लागलं ते पहिल्याच हंगामात. संध्याकाळी घरी येताना द्वारकेचा चौक ओलांडला की उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा, मग मानेत उतरायचा. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे नकोसे व्हायचे. दुकानातल्या बिल करणाऱ्या बाईंनी एकदा पर्समधली गोळी दिली. अर्ध्या तासात डोकं मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून अख्खं पाकीट घेतलं. आधी आठवड्यातून एखादी, मग एक दिवसाआड, मग सकाळी नाश्त्याबरोबर एक आणि दुपारी चारला एक. पाकीट मी स्वयंपाकघरात बाजरीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. नव्या सुनेचं रोज डोकं दुखतं हे कुणाच्या तोंडी यायला नको, एवढंच मनात होतं.

नणंदेचं डोकं दुखलं ते त्याच हिवाळ्यात. दुपारी कॉलेजातून आली, बॅग सोफ्यावर टाकली, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि म्हणाली, "आई, डोकं फुटतंय गं."

त्यानंतर जे झालं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. सासऱ्यांनी ऐन रंगात आलेली मॅच बंद केली. सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं, पडदे ओढले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आतूनच मला म्हणाल्या, "जरा सुंठ उगाळ गं."

मी सहाण काढली, पाणी घेतलं, सुंठ उगाळायला बसले. त्या दिवशी माझी सुट्टी होती, पण सकाळपासून दुकानाचा मोबाईल वाजत होता आणि माझंही डोकं ठणकत होतं. सुंठ गोल फिरवताना प्रत्येक फेऱ्याला भुवईवर कळ येत होती. लेप तयार झाल्यावर वाटी आत नेऊन दिली. सासूबाईंनी बोटाने तिच्या कपाळावर लावला, फुंकर घातली, आणि मला खुणेनेच सांगितलं की दार लोटून घे.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. रोज दारातून "चहा टाक" म्हणत येणारा माणूस चप्पल काढून, पाय न वाजवता तिच्या खोलीपर्यंत गेला आणि दाराबाहेर उभा राहून विचारू लागला, "बरं वाटतंय का गं आता?" मी चहाचा कप हातात घेऊन त्याच्या मागे उभी होते. तो आवाज मी लग्नानंतर एकदाही ऐकला नव्हता. त्याच्याजवळ तसा आवाज आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मग हे दर आठवड्याला होऊ लागलं. तिचं डोकं दुखायचं, घर दबून जायचं. नवऱ्याने तिला मोबाईलच्या उजेडापासून डोळे वाचवणारा चष्मा आणून दिला. सासरे शेंगदाण्याची चिक्की आणायचे, उपाशीपोटी डोकं चढतं म्हणून. "अभ्यासाचा ताण आहे पोरीला," सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ताण अभ्यासाचा होता की मोबाईलचा, हे मी बघत होते. पलंगावर उताणी पडून, हात वर करून, तो चौकोन चेहऱ्यासमोर धरून ती तासन्‌तास असायची. अंगठा खाली-वर, खाली-वर.

मी एकदा म्हणून बघितलं. संध्याकाळी घरी आले, पर्स ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझंही डोकं दुखतंय आज."

"उन्हातून आलीस ना," सासूबाई म्हणाल्या. "बस जरा. चहा करते तुला."

त्यांनी खरंच चहा केला. आलं घालून केला, माझ्या हातात आणून दिला. त्या वाईट वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण मला चहा नको होता. मी तो प्यायले आणि पिठाच्या डब्यामागून गोळी काढून घेतली.

नवऱ्यापाशीही एकदा विषय काढला. म्हटलं, "तुमच्या बहिणीचं डोकं दुखलं की तुम्ही सगळे कसे..."

"तिला सहन होत नाही गं," तो म्हणाला. "तू तरी समजून घे. तू कशी घट्ट आहेस."

घट्ट. जसं काही मी दही होते.

देवळ्याहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. ती स्क्रीनच्या फार जवळ येऊन आमच्या अहिराणीत विचारायची, "बरी शेस ना?" मी म्हणायचे, "बरी शे." कॉल बंद करून दुकानाचा मोबाईल उचलायचे.

एका रविवारी दुपारी नणंदेचं डोकं पुन्हा चढलं. सासूबाईंनी मला भांडी आत्ता घासू नकोस, आवाज होतो, असं सांगितलं. मी ओट्याशी स्टूलावर बसून एका टोमॅटोवाल्याला उत्तर लिहीत होते. मग आपला मोबाईल घेतला, काय वाटलं कुणास ठाऊक, नणंदेचं नाव उघडलं. नावाखाली अक्षरं होती, ऑनलाइन.

पडदे ओढलेले, कपाळावर लेप, घरातली भांडी गप्प, आणि ही ऑनलाइन! मला इतका आनंद झाला की आजही ते सांगायला जड जातं. मी पटकन त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. वर वेळही दिसत होती.

त्यानंतर मला ती सवयच लागली. तिचं डोकं दुखतंय असं कळलं की मी दर पाच-दहा मिनिटांनी तिचं नाव उघडून बघायचे. दुकानात असले आणि सासूबाई फोनवर बोलता बोलता "आज पुन्हा पडलीय बिचारी" म्हणाल्या, तर शेतकऱ्यांचे फोटो बघता बघता मध्येच तिच्याकडे जाऊन यायचे. ऑनलाइन दिसली की स्क्रीनशॉट. नाही दिसली की चुटपुट, आणि पुन्हा थोड्या वेळाने बघणं. एकदा या नादात भुरी रोगाचा फोटो डाऊनी रोगाच्या यादीत गेला. साहेबांनी ओळखलं म्हणून निभावलं. गोळ्या आता दिवसाला तीन झाल्या होत्या. माझ्या डोक्याचा आणि या पहाऱ्याचा काही संबंध असेल, असं मला वाटलंच नाही. मी कामामुळे थकत होते आणि ती चैनीमुळे, माझा हिशेब इतका सरळ होता.

आधी तिचे डोळे तपासून झाले. नंबर नव्हता. मग शेजारच्या काकूंनी कॉलेज रोडच्या एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. सासूबाईंचे गुडघे त्या आठवड्यात सुजले होते. त्या मला म्हणाल्या, "तू जा तिच्याबरोबर. तू शिकलेली आहेस, नीट सांगशील."

मी नीटच सांगणार होते. अकरा स्क्रीनशॉट जमले होते.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बहुतेक सगळे आमच्याच वयाचे. एक मुलगा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता, बाकीचे मान खाली घालून मोबाईल बघत होते. मीही बघत होते. नणंद मात्र त्या दिवशी मोबाईल पर्समध्ये ठेवून, बोटांची नखं एकमेकांवर घासत बसली होती. आमचा नंबर आला तेव्हा ती उठलीच नाही. मीच म्हटलं, "चल."

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. आवाज खालचा. त्यांनी नणंदेकडे बघून विचारलं, "काय होतंय?"

तिने तोंड उघडण्याआधी मी बोलले. "डॉक्टर, ती दिवसभर मोबाईलवर असते. घरात सगळ्यांना वाटतं अभ्यासामुळे होतंय. डोकं दुखतंय म्हणून अंधारात पडते ना, तेव्हासुद्धा मोबाईलच बघते. माझ्याकडे आहे सगळं." आणि मी मोबाईल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

नणंद माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात कुणी ओळखीच्या माणसाने एकाएकी धक्का मारावा, तसं काहीतरी होतं.

डॉक्टरांनी एकेक स्क्रीनशॉट सावकाश बघितला. मग चष्म्यावरून मला विचारलं, "या प्रत्येक वेळेला तुम्हीही मोबाईलवरच होता ना?"

मी मोबाईल उचलायला हात पुढे केला.

त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला आणि नणंदेकडे वळल्या. "डोकं दुखत असताना काय बघता मोबाईलवर? खरं सांगा, मी रागावणार नाही."

तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "मी वाचते," ती म्हणाली. "डोकं दुखायच्या आधी मला डोळ्यांपुढे चमचमणारी नागमोडी रेघ दिसते. मग अर्धं दिसेनासं होतं. मी ते शोधलं तर तिथे मेंदूत गाठ असेल असं आलं. मग मी ते रोज वाचते. जिला गाठ झाली अशा एका मुलीचे व्हिडिओ आहेत, ते बघते. मला होतंय तसंच तिलाही व्हायचं, डॉक्टर." एवढं बोलून ती रडायला लागली. "आईला सांगितलं नाही. आई घाबरेल."

मी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत होते. त्यावर अजून तिचं नाव आणि खाली ते ऑनलाइन होतं. वीस-एकवीस वर्षांची पोर, कपाळाला सुंठ लावून, अंधारात आपल्या मरणाबद्दल वाचत पडायची, आणि भिंतीपलीकडे मी वेळा टिपून घेत होते.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, तपासलं. डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, बोटामागे नजर फिरवायला लावली, सरळ रेषेत चालवलं, हातापायांची ताकद बघितली. मग म्हणाल्या, "ही अर्धशिशी आहे. ती रेघ पुष्कळांना दिसते. तपासणीत मला काळजीचं काही दिसत नाही. काही वेगळं जाणवलं तर लगेच या, पण मोबाईलला विचारू नका, मला विचारा."

"म्हणजे मोबाईलमुळे नाही झालं?" मी विचारलं. एवढं सगळं होऊनही मला ते विचारावंसं वाटलं.

"अंगातच असते ती," त्या म्हणाल्या. "पण जागरण, जेवण चुकवणं, तासन्‌तास मान वाकवून उजेडाकडे बघणं, भीती, यांनी ती उठते. मोबाईल एकटा दोषी नाही, पण सुटतही नाही."

त्या लिहायला लागल्या. तेवढ्यात नणंद डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर, वहिनीचंही डोकं दुखतं. रोज."

मी दचकलेच.

"त्या गोळ्या घेतात. पिठाच्या डब्यामागे पाकीट असतं. आधी एक असायचं, आता दोन-दोन असतात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती गोळ्या घेता दिवसाला?"

मी एक म्हणणार होते. नणंदेकडे बघितलं आणि म्हणाले, "तीन."

मग बाहेर जाऊन माझ्या नावाचाही केसपेपर काढावा लागला. डॉक्टरांनी मलाही तसंच रेषेवरून चालवलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "सुरुवात कामाने झाली असेल. पण आता तुमचं डोकं बऱ्याचदा गोळीमुळे दुखतंय. एक उतरली की डोकं दुसरी मागतं. ह्या गोळ्या बंद करायच्या. मी दुसरं औषध देते, पण पहिले दहा-पंधरा दिवस त्रास वाढेल. घरात कुणाला तरी सांगून ठेवा." आणि दोघींनाही वही ठेवायला सांगितली. डोकं कधी दुखलं, त्याआधी काय करत होतो, काय खाल्लं, किती झोपलो.

परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच होतो. रिक्षावाल्याचं गाणं चालू होतं, नणंदेने त्याला आवाज कमी करायला सांगितलं. मला वाटलं स्वतःसाठी सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुमचं दुखतंय ना आत्ता? दुखत असलं की तुम्ही उजवा डोळा बारीक करता."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गोळ्यांचं? दिवाळीपासून. मी चिवड्याचा डबा शोधत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवून ठेवलं होतं. तुम्हाला आवडलं नसतं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुमचं कसं बरं आहे. गोळी घेतली की लगेच उठून कामाला लागता. मला नाही जमत तसं. तुमच्या मोबाईलवर माणसं ताई, ताई करतात. माझ्या मोबाईलवर माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

म्हणजे भिंतीच्या पलीकडून तिलाही माझा हेवा वाटत होता. हे ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. मला मात्र आधी वाटलं, हिने हेही माझ्या आधी बोलून टाकलं, आणि किती सहज.

"मी चुकले," मी म्हटलं. "त्या फोटोंचं."

ती बाहेर बघत म्हणाली, "वाईट वाटलं मला." नंतर, नाशिक रोडचा पूल चढताना, म्हणाली, "पण ते काढून टाकू नका एवढ्यात. कोणत्या दिवशी दुखलं ते मला वहीत लिहायचंय. मला तारखा आठवत नाहीत."

घरी गेल्यावर तिने आईला रेघेचं सांगितलं, माझ्या गोळ्यांचंही सांगितलं. अकरा फोटोंचं मात्र तिने आजतागायत घरात कुणाला सांगितलेलं नाही.

गोळ्या बंद केल्यावर चौथ्या दिवशी मी ओकले. डोक्यात कुणीतरी आतून दार ठोठावत असल्यासारखं होत होतं. मी न्हाणीघराच्या दाराशी बसले होते. सासूबाई गुडघे धरत आल्या, मला उठवून पलंगावर घेऊन गेल्या आणि नणंदेला म्हणाल्या, "सुंठ उगाळ."

ज्यासाठी मी एवढी झुरले होते तो लेप शेवटी माझ्या कपाळावर आला. तो आधी गार लागला, मग चांगलाच झोंबला. सासूबाईंचा हात जड होता, बांगड्या माझ्या भुवईवर आपटत होत्या. "सांगायचंस तरी," त्या पुटपुटल्या. "तू कधी पडलेलीच दिसली नाहीस. मला वाटलं, हिला काही होतच नाही." त्यांचा आवाज कापरा झाला होता. मी डोळे मिटूनच राहिले. उघडले असते तर रडले असते.

आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतून नणंद म्हणाली, "आई, मला रेघ दिसायला लागलीय."

सासूबाईंचा हात माझ्या कपाळावरून उचलला गेला. एक क्षण त्या मध्येच थांबल्या, मग "आलेच हं" म्हणून तिकडे गेल्या. ती भीत होती, हे मला माहीत होतं. तिने गेल्या आठवड्यात माझ्यासाठी काय केलं, हेही माहीत होतं. तरी कपाळावरची ती मोकळी झालेली जागा जाणवून मी मनात म्हटलं, आजच दुखायचं होतं का हिला? माणसाचा स्वभाव एका केसपेपरने सुटत नाही.

सासूबाई येईनात तेव्हा नवरा आला. पाय न वाजवता आला. दारातच उभा राहिला. "बरं वाटतंय का?" त्याने विचारलं. आवाज अगदी तसा नव्हता, थोडा अवघडलेला होता. मी म्हटलं, "नाही." लग्नानंतर त्या प्रश्नाला पहिल्यांदाच नाही म्हटलं. तो येऊन पायांशी बसला.

तीन आठवड्यांनी डोकं बरंचसं निवळलं. वहीत बघितलं तर एक गोष्ट उघड दिसत होती. दुकानाचा मोबाईल घरी आणला, त्या संध्याकाळी हमखास दुखायचं. मी मालकांना सांगितलं की सातनंतर मी फोटो बघणार नाही. ते म्हणाले, "ताई, पहाटे फवारणी करायची तर माणूस संध्याकाळीच विचारणार ना?" म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी त्यांनी संध्याकाळसाठी दुसरी एक मुलगी ठेवली. कृषी पदवीची, बावीस वर्षांची, चटपटीत. तो मोबाईल सातला तिच्या हातात द्यायचा आणि मी पंचवटीतून मोकळ्या हातांनी निघायचं, असं ठरलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलंही, आठ-दहा दिवस. मग एका सकाळी मोबाईल उघडला तर एका द्राक्षवाल्याचा निरोप होता. माझ्याशी दोन हंगाम बोलणारा माणूस. लिहिलं होतं, 'संध्याकाळच्या ताई लय लवकर सांगत्यात. आता त्यांनाच इचारत जाईन.' खाली हात जोडलेले.

मी ते दोनदा वाचलं. मग त्या मुलीचे सगळे जुने निरोप काढून वाचले. तिने कुठे चूक केलीय का, हे शोधत होते. नव्हती केली. उलट तिने एका ठिकाणी लिहिलेला सल्ला माझ्यापेक्षा सोपा होता.

थंडी पडली, धुकं आलं, फोटो वाढले. एक दिवस सातला मी मोबाईल द्यायला थांबले होते. ती आली, खुर्चीत बसली, दोन बोटांनी डोळ्यांचे कोपरे दाबले. म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमचं कधी डोकं दुखायचं का ह्या कामानं? माझं रोज दुखायला लागलंय. काल मेडिकलमधून गोळी आणली, मस्त उतरलं."

सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्याच वेळी मनात दुसरं काही आलं. तिचं डोकं दुखलं, तर ती काम सोडेल. सोडलं, तर माझे शेतकरी परत येतील.

"थंडीमुळे असेल," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

रिक्षात बसले. द्वारका गेली. माझं डोकं त्या दिवशी दुखत नव्हतं, पण मला धड बसवेना. घरी जेवताना नणंदेने विचारलं, "काय झालं?" मी तिला सांगितलं. सगळं, जे मनात आलं तेही. ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. "नंबर आहे ना तिचा?" एवढंच म्हणाली.

"उद्या सांगते," मी म्हटलं. फोनवर सांगायचं धैर्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सातला निघाले नाही. ती आल्यावर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काल मी तुला खरं सांगितलं नाही." मग पिठाचा डबा, तीन गोळ्या, चौथ्या दिवसाची ओकारी, वही, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच मोबाईल वाजला, तिने सवयीने उचलायला हात पुढे केला. मी तो माझ्याकडे ओढला.

"थांब," म्हटलं. "दहा मिनिटं हे मी बघते. तू डॉक्टरांचा पत्ता लिहून घे."

फोटो कांद्याच्या पातीचा होता, देवळ्याकडचा. टोकं पिवळी पडली होती.